टेपचं दुसरं टोक

मोजायचा स्टीलचा लांब टेप एकट्या माणसाच्या कामाचा नाई. दुसरं टोक कोणी तरी धरावंच लागते. अन् देवेंद्रचं दुसरं टोक धरून होता लखन.

लखनच्या हाताखाली देवेंद्र तीन वर्षं वायर ओढत होता. मजुरी मागितली का शिव्या भेटत. मागच्या महिन्यात त्यानं काम सोडलं अन् सडक अर्जुनीत आपली वायरिंगची टपरी टाकली. हे काम भेटलं तर टपरी चालते. नाई भेटलं तर परत लखनच्याच दारात जाऊन उभं राहायचं.

काम रामलाल सेठच्या राइस मिलच्या हापिसात वायर टाकायचं. पाच कंप्युटर, दोन क्यामेरे, अन् भिंतीभिंतीत उंदरायचे बिळं. सेठनं मुद्दाम दोघायले एकाच टायमाले बोलावलं होतं.

"एक दूसरे का नाप पकडो, फिर अपना-अपना भाव बोलो," सेठ तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत खुर्चीत पसरला. "मजा आयेगा."

"बराबर धर," देवेंद्र म्हणाला.

"धरूनच राहिलो न बे. टेप धरायले तुले कोन शिकवलन? मीच न?"

देवेंद्रनं आकडा पाह्यला. एवढी लांब भिंत? त्याची नजर टेपाच्या पट्टीवरून पुढं पुढं गेली. लखनचा हात भिंतीपाशी नव्हताच. दाराच्या चौकटीतून पार बाहेर, वरांड्यात होता. माप वाढलं का वायर वाढते, वायर वाढली का देवेंद्रचा भाव वाढते. अन् मंग स्वस्त भाव सांगून काम नेणार लखन.

"अंदर ये."

"काऊन गा? अंदरच तं हावो."

देवेंद्रनं टेप हिसकला. सारा जोर लावून. पट्टीची धार लखनच्या तळहातातून सर्रकन निघाली अन् पांढऱ्या फरशीवर रगत टपकलं.

"तुह्या मायची...!" लखननं झोऱ्यातून हातोडी काढली. पहिला घाव देवेंद्रच्या खांद्यावर बसला, दुसरा हुकला अन् टेबलाची काच फुटली. देवेंद्रनं खाली वाकून त्याच्या पोटात डोस्कं घातलं. दोघंही भिंतीले टेकवलेल्या शिडीवर पडले, शिडी त्यायच्यावर पडली. हातोडी कुठं गेली कोनाले मालूम. देवेंद्र लखनच्या छातीवर बसला अन् हाणतच राह्यला. नाक फुटलं. ओठ फाटला. "वरांडा मोजतं का बे? मोज! मोज अखीन!"

लखन हलायचा थांबला, नुसता कण्हत राह्यला, तवा कुठं देवेंद्र उठला.

सेठ टाळ्या वाजवून राह्यला होता. "वा रे पठ्ठे! तू काम का आदमी है."

"मंग भाव आयका, सेठ." देवेंद्र धापा टाकत म्हणाला. "पाइपातून टाकतो वायर. उंदराचा बाप नाई कुरतडत."

"अबे वायर छोड. वायर तो गोंदिया से कोई भी आके डाल देगा. तू मेरी वसुली में आ. ऐसाच हाथ चाहिए मेरे को."

देवेंद्रनं आपली मूठ पाह्यली. मंग सेठची कॉलर धरली अन् त्याले खुर्चीतून उचलून भिंतीवर आपटलं. खर्रा सेठच्या छातीवर सांडला.

"मी वायरचा भाव सांगाले आलो. आयक. वायर धरून एका पॉइंटचे आठशे."

"हमाल! ए हमाल!"

गोदामातून हमाल धावले, हातात पोते ओढायचे लोखंडी हुक घेऊन. पहिला हुक देवेंद्रच्या पाठीत रुतला. कॉलर त्यानं सोडली नाई.

"पाइपाचे अलग," तो दात आवळून म्हणाला. "आयकून राहिले न?"