वाचून कायम

सभेची वेळ अकराची होती आणि मावशी बारा वाजता आल्या. तोवर अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे आणि चारदा माझ्याकडे पाहिलं होतं. चहा मिळाला नाही याचा राग होताच, पण मावशींशिवाय सभाच सुरू होत नव्हती, हा खरा वांधा होता.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमची नाला विकास समिती. तिला मागच्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं, की विकास समावेशक असावा, सबब बाधित भागातली किमान एक रहिवासी महिला हजर असल्याशिवाय गणपूर्ती धरू नये. एकूण पाच डोकी हवीत, त्यातलं एक हे. परिपत्रक काढणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण ही महिला शोधायची कुणी? हेडक्लार्कनं, म्हणजे मी. भरदुपारी हातातलं काम टाकून फुकटात खुर्चीवर बसायला कोण येणार? आठवडाभर डोकं धरून बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की कार्यालयात झाडलोट आणि चहापाणी करणाऱ्या आमच्या मावशी नाल्यापलीकडच्या वस्तीतच राहतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेव्हापासून दर महिन्याला मावशी सगळ्यांना चहा देत, ट्रे भिंतीला टेकवून ठेवत, दाराजवळच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसत, मी बोट ठेवीन तिथे सही करत आणि कपबशा गोळा करून जात. महिला सहभागाबद्दल समितीला शाबासकीचं पत्र आलं, ते अध्यक्षांच्या खोलीत काचेत लावलेलं आहे.

त्यांना मी मावशी म्हणतो खरा, पण त्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कार्यालयात चहा देणारी बाई जन्मतःच मावशी असते.

"ही काय वेळ झाली, मावशी?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"फळी काढली, भाऊसाहेब," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सकाळी येऊन बघते तर नुसते खड्डे. मोठ्या पुलावरून चालत आले."

फळी म्हणजे वस्तीतल्या लोकांनी नाल्यावर टाकलेला पायपूल. दोन लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, धरायला एका बाजूनं पाइप. त्यावरून आमच्या बाजूला यायला पाच मिनिटं लागत. मोठ्या पुलावरून पाऊण तास लागतो, तोही धडधाकट माणसाला.

अभियंता साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, की फळीबिळी आपण काही काढलेली नाही, आपण फक्त मंजूर कामं करतो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सभा झाली. मावशींनी घाम पुसत चहा केला, दहा मिनिटं बसल्या, सही केली.

मला मात्र चैन पडेना. दुपारी नकाशा काढणाऱ्या सहकाऱ्याकडे गेलो आणि विचारलं, की बाबा रे, आपल्या ठरावातलं हे 'साखळी क्रमांक ४२०' म्हणजे नक्की कुठे? नाल्याच्या तोंडापासून मोजत गेलं की चारशे विसाव्या मीटरला, तो म्हणाला. आणि नकाशावर बोट ठेवून पुढे म्हणाला, "वस्तीवाल्यांची ती फळी आहे ना, तिथेच."

दोन महिन्यांपूर्वीचा ठराव माझ्या हातचा होता: साखळी क्रमांक ४२० येथील जलप्रवाहास बाधक अनधिकृत अडथळा निष्कासित करणे. त्यात फळी हा शब्द नव्हता, पूल नव्हता, माणूस तर नव्हताच. ठरावाच्या सभेत मावशींची सही होती. तो ठराव कायम झाला त्या सभेतही होती. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. आजच, पाऊण तास चालून आलेल्या बाईसमोर, त्याच साखळी क्रमांकावर सात फुटी संरक्षक भिंत बांधायचं मंजूर झालं होतं, नाल्याकाठच्या हरित मार्गासाठी. भिंत झाली की तिथे फळी परत टाकायचा प्रश्नच उरत नव्हता. आणि त्या कागदावरच्या सहीची शाई अजून ओली होती.

दोन दिवस मी गप्प राहिलो. भ्यालो होतो, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी न राहवून मावशींना बोलावलं, नोंदवही उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही वाचलं होतं का, भाऊसाहेब?"

"मी टाइप केलं होतं."

"म्हणजे नव्हतं वाचलं."

सव्वीस वर्षं नोकरी केली, पण असा चोख शेरा माझ्यावर कुणी मारला नव्हता.

मग आम्ही अर्ज केला. मसुदा माझा, सही त्यांची. अर्ज बारा दिवस तीन टेबलांवर हिंडला आणि 'विषय या कक्षाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत आला. कोणत्या कक्षाशी संबंधित आहे, हे सांगण्याची पद्धत नाही. मग मोबाइलवरून तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मावशींना संदेश आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया तारे देऊन अभिप्राय कळवावा. मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि किती तारे द्यायचे असतात म्हणून विचारू लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायचं कुणावर हे मात्र कळेना, कारण संदेश पाठवणारं तिथे माणूसच नव्हतं.

हे सगळं मावशींना जेवढं जड गेलं त्याहून जास्त त्यांच्या सासऱ्यांना गेलं. म्हातारा एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता, आता पंच्याहत्तरीला आलेला. साखर वाढलेली, उजव्या पायाला जखम. दवाखाना आमच्या बाजूला. एक दिवसाआड पट्टी बदलायला तो काठी टेकत फळीवरून एकटा यायचा आणि एकटाच परत जायचा. कुणाला त्रास नाही, याचा त्याला फार अभिमान होता. फळी गेल्यावर आठवड्यातून एकदाच येणं होऊ लागलं. तिसऱ्या आठवड्यात करंगळी कापावी लागली. डॉक्टरांनी मावशींना स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर पाऊल जाईल.

तेव्हापासून पट्टीच्या दिवशी मावशी सासऱ्यांना पहाटेच घेऊन निघत. लांबच्या वाटेनं, थांबत थांबत, दीड-दोन तासांत पोचत. पट्टी अर्ध्या तासात व्हायची, पण म्हातारा एकटा परत कसा जाणार? तो दवाखान्याच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राही आणि मावशी सुटल्या की त्यांच्याबरोबर घरी जाई.

अशाच एका पट्टीच्या दिवशी पुढची सभा आली, दुपारी चारची. मी टेबलावर विषयपत्रिका मांडत होतो, मावशी टेबल पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या आणि पहिला विषय एकेक अक्षर लावून वाचला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

"म्हणजे भिंतीचं?"

"हो. ते आज कायम झालं की सोमवारी कामाचा आदेश निघतो. नाही झालं तर महिनाभर निघत नाही."

"इथं वाचून म्हटलंय. कोण वाचतं?"

"कुणी नाही, मावशी. तशी भाषा असते."

"का नाही वाचत?"

मावशींनी फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि चहाच्या खोलीकडे न जाता दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची उचलून टेबलाजवळ आणली.

सगळे जमले. अध्यक्ष, अभियंता, आरोग्य अधिकारी, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी आणि मावशी. बरोबर पाच. चहा कुठाय म्हणून अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मी पहिला विषय पुकारला आणि अध्यक्ष नेहमीप्रमाणे म्हणाले, "वाचलं असं धरू या."

"मी नाही धरत," मावशी म्हणाल्या. "मी वाचते. वाचून झालं की सही करते."

अभियंता साहेब हसले. हरकत नाही, वाचा, दोन मिनिटं लागतील, असं म्हणाले. इतिवृत्त सात पानांचं होतं. मावशींचं शिक्षण पाचवीपर्यंतचं. त्यांनी नोंदवही पुढे ओढली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पंधरा मिनिटांत एक पान झालं. दुसऱ्या पानावर त्या अडल्या.

"शा-श्व-त. म्हणजे काय हो?"

अध्यक्षांनी अभियंत्यांकडे पाहिलं. अभियंत्यांनी घसा साफ केला. "टिकाऊ."

"फळी एकोणीस वर्षं टिकली," मावशी म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. ओळभरानं पुन्हा थांबल्या. "समावेशक म्हणजे?"

"सगळ्यांना बरोबर घेऊन," आरोग्य अधिकारी म्हणाले. मावशींचं बोट पुढच्या शब्दाखाली गेलं.

अध्यक्षांनी समजावून पाहिलं, की सही आत्ता करा, वही घरी न्या, निवांत वाचा. मावशी म्हणाल्या, आधी वाचून असं लिहिलंय, नंतर कायम. मी खाली मान घालून हसू दाबलं. हे व्याकरण मला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी उठले. दुकानात माणूस एकटाच आहे, म्हणाले आणि गेलेसुद्धा.

"पुढे चला, तुम्ही कायम झालं लिहा," अभियंता मला म्हणाले. "ते आले होतेच. त्यांना हजर धरा."

आजवर मी धरलंच होतं. न आलेल्यांना धरलं, गेलेल्यांना धरलं, एकदा तर बदली होऊन गेलेल्या माणसालाही धरलं. पण त्या दिवशी माझा संताप सव्वीस वर्षांचा साचून आला होता आणि तो सगळ्यात जास्त माझ्यावरच होता.

"साहेब, चारच राहिले," मी म्हणालो. "गणपूर्ती नाही. परिपत्रक आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?"

"दोन, साहेब."

"मग जरा जपून."

ते उठले. त्यांना शाश्वत विकासावरच्या कार्यशाळेला जायचं होतं. त्यांच्यामागून बाकीचे दोघेही गेले. मी टिपणवहीत लिहिलं: मागील सभेचे इतिवृत्त वाचन सुरू असताना गणपूर्तीअभावी सभा तहकूब. लिहून झाल्यावर स्वतः एकदा वाचून पाहिलं. भिंत महिनाभर लांबली होती. जास्त काही नाही, एक महिना.

मावशी अजून वाचतच होत्या. आता गरज नाही म्हटलं, तर म्हणाल्या, सुरू केलंय तर पुरं करते. पाचव्या पानावर साखळी क्रमांक ४२० आलं. तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. सातवं पान संपलं तेव्हा चपराशी दिवे बंद करायला आला होता.

त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर निघालो. का, ते मला सांगता येणार नाही. दवाखान्याच्या ओट्यावर सासरे काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. सून दिसताच उठायला लागले, तीनदा प्रयत्न करून उठले. लांबच्या वाटेला लागण्याआधी मावशी त्यांना नाल्याच्या काठाशी घेऊन गेल्या. दर वेळी न्यावं लागतं, म्हणाल्या, ते ऐकतच नाहीत.

इतकी वर्षं या नाल्याचे कागद केले, पण काठावर मी पहिल्यांदाच उभा होतो. तुळया काढल्याचे खड्डे होते आणि पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, मावशींचं घर. दार उघडं होतं. आत दिवा लागला होता. उंबऱ्यावर नात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि ओरडून विचारलं, "आजोबा, पाय दुखतोय का?"

"नाही गं," आजोबा म्हणाले. "तू भात टाक. आम्ही येतोच दोन तासांत."