फेरातली जागा

कोतेल गावच्या नाचमंडळाची वेबसाइट झ्लातिनाने फुकटात करून दिली होती, आणि फुकटच्या कामाला बोलणी जास्त, हे बल्गेरियातही खरंच. पहिल्या पानावर तिने सगळ्या नाचणाऱ्यांचे फोटो होरोच्या, म्हणजे हातात हात धरून नाचायच्या फेरासारखे वर्तुळात मांडले होते. माणसं कितीही असोत, कॉम्प्युटरनेच वर्तुळ सारखं वाटून प्रत्येकाला जागा द्यायची. त्यात तिचा धाकटा भाऊ कामेनही होता.

मग घाटात कामेनची गाडी दरीत गेली. झ्लातिनाने त्याच्या फोटोला काळी फीत लावली, पण फोटो हलवला नाही. चार माणसांत उभा असलेला तो आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

मंडळाचे प्रमुख स्टॉइलकाका घरीच आले.

"पोरी, मेलेल्याचा फोटो रिवाजाप्रमाणे दारावर लाव, विजेच्या खांबावर लाव, कोण नाही म्हणतंय? पण होरोत नको. फेरात त्याच्या एका हाताला मी आहे, माझं सोड. पण दुसऱ्या हाताची मिरेना पोटुशी आहे. तिची सासू माझं डोकं खातेय, मेलेल्याच्या हातात सुनेचा हात कसा देता म्हणून."

"फोटोला हात असतात का, काका?"

"तुला नसतील दिसत. गावाला दिसतात."

तिने फोटो काढला आणि तिथे रिकामी जागा ठेवली. तासाभरात काकांचा फोन.

"हे काय गं, दात पडल्यासारखं? तुटका होरो म्हणजे आणखी कुणाला तरी मरणाचं बोलावणं!"

ती भांडली, रडली. शेवटी काळजावर दगड ठेवून तिने ती जागाही पुसली. सगळे चेहरे आपोआप जरा जरा सरकले आणि फेर मिटला. इतका नीट मिटला, की तिला स्वतःच्या कामाची किळस आली.

"बघू दे मला," आई म्हणाली. रडून रडून तिला धड दिसेनासं झालं होतं. काळा रुमाल सावरत ती खुर्चीत टेकली आणि चाचपडत तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"इथेच होता ना गं माझा कामेन?"

बोटाखाली स्टॉइलकाकांचा मिशाळ चेहरा सरकून आला होता. खरी जागा दाखवायला झ्लातिनाने हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला. दाखवायला जागा कुठेच नव्हती.

"हो, आई. इथेच."

आई त्या मिशांवरून बोट फिरवत राहिली.