मेंढीसाठी आलेली गाडी

"माझ्या गोळ्या कुठं गेल्या?" रत्नमालेनं सासूला तिसऱ्यांदा विचारलं.

सुगंधाबाई अडलेल्या मेंढीचं पोट चाचपत होती. मान वर न करता म्हणाली, "मेंढ्यायला घातल्या, पिठात कालवून. रक्ताच्या गोळ्या हायत, गाभण जित्राबाला लागतेत. तुला काय धाड भरलीय?"

रत्नमालेला आठवा महिना होता. पायात चप्पल चढत नव्हती, चार दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तपासणीचा वार मंगळवार, आणि नेमकी मंगळवारीच ती सासूला मेंढ्यांमागे हवी असायची. मग सुगंधाबाईच तिचं कार्ड घेऊन गोळ्या आणायला उपकेंद्रात जायची, सून माहेरी गेलीय, ठणठणीत आहे, असं छातीठोक सांगायची. गर्दीनं वैतागलेली नर्सबाई मागचेच आकडे पुन्हा लिहून कार्ड परत द्यायची.

"दवाखान्यात जायचंय मला. आजच."

"सात बाळंतपणं रानात झाली माझी. दवाखान्याचं तोंड बघितलं नाय."

"अन् त्यातली जगली किती?"

तीन. सुगंधाबाईचं तोंड काळंठिक्कर पडलं. "जीभ हासडीन तुझी!"

तेवढ्यात फारूखची पिकअप आली. अडलेल्या मेंढीला वैजापूरला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला सुगंधाबाईनं उजाडताच फोन केला होता. रत्नमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंढीला गाडी येते आणि आपल्याला नाही! तिनं घरातून कार्ड आणलं आणि ती थेट ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"उतर खाली! मेंढी मरंल!"

"मंग तिला घ्या मागं. पर आधी माणसाचा दवाखाना."

फारूखनं तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि गाडी चालू केली. "बसा मावशी. आमची भैन तबस्सुम आशीच सुजली व्हती. आमी उशीर केला."

सुगंधाबाई मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली आणि वैजापूर येईस्तोवर सुनेच्या माहेरचा उद्धार करत राहिली.

सरकारी दवाखान्यात नर्सनं रत्नमालेच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघून तिनं डॉक्टरांना हाक मारली. लगेच भरती करायचं ठरलं. मग कार्ड उलटंपालटं करत नर्स म्हणाली, "इथं तर सगळं ठीक लिहिलंय. दर महिन्याला उपकेंद्रात गेलीस ना तपासायला?"

रत्नमालेनं खिडकीतून पिकअपकडं बोट दाखवलं. "नाव घालायला गेले तेवढीच मी. बाकी दर महिन्याला गेलेली बाई ती, मेंढीजवळ बसलीय. आता मला तपासा."