मातीचं वय

ओत्सुगीच्या घरात चुलीभोवती फळ्या होत्या आणि फळ्यांखाली खड्डा. खड्ड्यात माती, रेशीमकिड्यांच्या लेंड्या, रानदवणा आणि घरच्या माणसांचं मूत. वरच्या चुलीच्या उबेनं ते पाच वर्षं मुरलं की माती सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूचं मीठ, धरते, आणि सोऱ्यावाचून गडावरच्या बंदुका म्हणजे नुसत्या नळ्या. गोकायामाच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

अंमलदार हिरासेला मात्र फक्त कागद ठाऊक होता. खड्डा भरल्याला पाच वर्षं झाली, उद्या माती उपसा, नाहीतर परवाना रद्द, असं त्यानं दारातूनच बजावलं. परवाना गेला की गाव सुटलं. आणि सोरा काढायला कच्ची माती धुतली की तीन पिढ्यांनी जपलेलं मातीतलं विरजण नासलं. इकडे आड, तिकडे विहीर. ओत्सुगीनं त्याला आधी चुलीजवळ बसवलं.

"पाच वर्षं तुमच्या कागदाची झाली, साहेब. मातीची तीनच झाली."

"मातीला काय वेगळं पंचांग आहे?"

"चूल विझली की मातीचं वय थांबतं. दोन हिवाळे या घराच्या दाराला सरकारी मोहोर होती. कोणी लावली?"

लावली होती हिरासेनंच. तिचा नवरा योहेई चोरून बाहेर सोरा विकतो, अशी कोणीतरी चुगली केली होती. यानं योहेईला गडावर नेऊन कोंडलं आणि ओत्सुगीला माहेरी धाडलं. पुरावा काहीच मिळाला नाही. योहेई कोठडीतच खोकून खोकून मेला, आणि सुटका करायला कोणी उरलंच नाही म्हणून निकालही कोणी लिहिला नाही.

ओत्सुगीनं फळी उचलली. असा उग्र दर्प आला की हिरासेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चिमूटभर माती त्याच्यापुढे धरली. पिकलेली माती जिभेला गार लागते, हे अंमलदाराला शिकवायला नको होतं.

"चाखा. गार लागली तर आत्ता उपसते."

मागे त्याचे दोन शिपाई उभे होते. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं जीभ लावली, गारवा कुठेच नव्हता; तोंड वाकडं केलं आणि राखेत थुंकला.

"दोन वर्षं वाढवून देतो," तो पुटपुटला आणि कागद काढून लिहू लागला.

"कारणही लिहा."

"कारण कशाला?"

"चूल बंद होती. घराला मोहोर होती. योहेईनं बाहेर मूठभरही सोरा विकला नव्हता. एवढंच लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. मला अक्षर येत नाही, पण ऐकू येतं."

"बाई, आधी ती फळी ठेव खाली."

"लिहून होऊ द्या," ओत्सुगी म्हणाली.

हिरासेनं नाकाला बाही लावली आणि कुंचला पुन्हा शाईत बुडवला. त्यानं शेवटची ओळ वाचून दाखवेपर्यंत तिनं फळी खाली ठेवली नाही.