अठ्ठावन्न पुरचुंड्या

प्रत्येक घराला स्वतःचा एक वास असतो आणि तो घरच्यांना कधीच येत नाही. पाहुण्याला दारातच येतो. पण पाहुणा भिडस्त, तो खुर्चीत बसतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि निघून जातो. त्यामुळे तपासनिसांच्या घराला कसला वास येतो, हे त्यांना पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते शेवटी एका सात वर्षांच्या मुलीच्या खोकल्याने.

तपासनीस म्हणजे अख्ख्या गल्लीचे तपासनीस. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी एकतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. टाकी, विहीर, शाळेचा नळ, इस्पितळाचा नळ, काही म्हणजे काही सुटलं नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पेला उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय ते पाणी ओठाला लावत नसत. दुसऱ्याच्या घरीसुद्धा! यजमानीण ओशाळायची, बायको कोपराने ढोसायची, पण स्वभावाला औषध नाही.

शहर डोंगरउतारावरचं. वर्षातले आठ महिने धुकं खिडकीशी येऊन बसलेलं. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, बरणीतल्या मिठाचा दगड होतो आणि कपाटातल्या बुटांवर हिरवी लव उगवते. "डोंगरात ओल असायचीच," असं म्हणून सगळे मोकळे होतात. तुम्हीआम्हीही बऱ्याच गोष्टींबाबत असंच म्हणतो, नाही का? थंडीसाठी प्रत्येक घराच्या तळघरात एक भट्टी असते. ती हवा तापवते आणि ती गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून जमिनीखालून खोल्याखोल्यांत जाते. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी एक लोखंडी जाळी असते आणि तिच्यातून ऊब येते. ती कशातून वाट काढत येते, हे कुणी वाकून बघत नाही.

तपासनिसांच्या बैठकीतली जाळी मात्र खास होती. त्यांची बायको असताना त्या जाळीतून नुसती ऊब येत नसे, लवंग आणि संत्र्याच्या सालीचा मंद वास येत असे. तपासनीस दर रविवारी सकाळी टेकडीपर्यंत फेरफटका मारायला जात. गारठून परत आले की दार उघडताच तो वास सामोरा येई, आणि मग चहा. त्यांच्या लेखी संसाराचं सगळं सुख त्या दोन गोष्टींत होतं. एकदा त्यांनी बायकोला जाळीपाशी जमिनीवर बसलेलं पाहिलं. मलमलीची एक पुरचुंडी ती जाळीच्या आत सोडत होती. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "घराला जरा नटवतेय." ते हसले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

बायको गेली तेव्हा लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. ती आली, पंधरा दिवस राहिली, आईच्या साड्या, चपला, चष्मा सगळं आवरून गेली. आठवड्याभरात जाळीतला वासही विरला आणि तपासनिसांना घर खायला उठलं. मग त्यांनी स्वतः संत्र्याची साल वाळवली, लवंगा कुटल्या, जुन्या ओढणीचा तुकडा फाडून पुरचुंडी बांधली आणि जाळी उचलून आत टाकली. वास आला! त्या दिवशी ते जाळीपाशी बसून लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला एक पुरचुंडी, असा नेम झाला. पाच वर्षांत फक्त दोनदा चुकला, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी.

या वर्षी लेकीने बदली मागून घेतली. बाबा एकटे आहेत, मुलीला आजोबा हवेत, घर मोठं आहे, सगळं जुळून आलं होतं. नातीचं घरातलं नाव भिंगरी. ती आली आणि घरात पाच वर्षांनी दारं आपटल्याचे आवाज घुमू लागले. तपासनिसांना ते गाण्यासारखे वाटत. आठवड्याभरात भिंगरी खोकू लागली. दिवसा शाळेत बरी असायची, घरी आली की ठसका सुरू. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरात ओल, बुरशी कुठे आहे का ते आधी बघा, असं बजावलं.

लेकीला कुठे बघायचं ते लगेच उमगलं. नळ्या साफ करणाऱ्या बाईंना बोलावू या, असं तिने जेवताना सुचवलं. तपासनिसांनी घास तसाच ताटात ठेवला. बैठकीच्या जाळीला कुणी हात लावायचा नाही, असं ते म्हणाले. लेकीने समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं, आणि शेवटी ती शांतपणे बोलली. शांतपणे बोललेलंच जास्त लागतं.

"बाबा, उताराखाली दोन खोल्या भाड्याने आहेत. रविवारपर्यंत इथलं काही झालं नाही तर मी भिंगरीला घेऊन तिकडे जाते. मला तिथे जायचं नाहीये. पण तिला श्वास घ्यायचाय."

रविवारला चार दिवस होते.

शुक्रवारी सकाळी दारात व्हॅन थांबली; लेकीने बोलावणं धाडलंच होतं. नळ्या साफ करणाऱ्या बाई, गल्लीच्या भाषेत हवेवाल्या बाई, उतरल्या. पन्नाशीच्या, दंड मजबूत, डोक्याला रुमाल. त्यांच्यामागे जाडजूड रबरी पाइप, लांब दांड्यांचे ब्रश आणि चाकांवरचं मोठं यंत्र. या बाई पंचवीस वर्षं या डोंगरातल्या घरांच्या नळ्या साफ करत होत्या. कोणाच्या घरात काय दडलंय हे त्यांना माहीत होतं, आणि त्या कुणाचं कुणाला सांगत नसत. आत येऊन पाहतात तो तपासनीस बैठकीच्या जाळीवर खुर्ची ठेवून, खुर्चीवर स्वतः बसलेले! मांडीवर वर्तमानपत्र, तेही उलटं.

बाईंनी तळघरात जाऊन भट्टी पाहिली, खोल्यांतून एक चक्कर मारली आणि मग येऊन तपासनिसांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. लेकीने चहा आणला. बाईंनी निम्मा कप संपवला आणि मग विचारलं, काका, आमच्या शाळेत बाटल्या घेऊन पाण्याचा नमुना घ्यायला तुम्हीच यायचात ना? तपासनिसांचा चेहरा जरा सैलावला. हो, मीच, म्हणाले.

"तेव्हा समजा कुणी आडवं आलं असतं. म्हणालं असतं, ही विहीर तपासू नका, हिच्याशी माझ्या आठवणी आहेत. तर?"

"तर मी विहिरीला टाळं लावलं असतं," तपासनीस सवयीने बोलून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"बाई, तिचं या घरात आता काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "हा वास तेवढा आहे. तो तुमच्या यंत्रात गेला, की मी कुणाकडे बघून राहायचं?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"मी सांगते म्हणून काही करू नका, काका. तुम्ही स्वतः नमुना घ्या. मी थांबते."

नमुना! या शब्दाला तपासनीस नाही म्हणू शकत नव्हते. ते उठले, कपाटातून दोन पांढरे रुमाल काढले, दोन्हींवर इस्त्री फिरवली. एक स्वयंपाकघरातल्या जाळीवर ताणून बांधला, दुसरा बैठकीतल्या. भट्टी चालू करायला सांगितली आणि घड्याळ लावून अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. भिंगरी मागोमाग येरझाऱ्या घालत होती, मधूनच खोकत होती.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातला रुमाल करडा झाला होता. बैठकीतल्या रुमालावर काळे ठिपके होते. तपासनिसांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि मग नाकाशी नेला. त्यात लवंग नव्हती, संत्र्याची साल नव्हती. ओल्या तळघराचा, कुजक्या चिंधीचा आंबूस वास होता. रोज उठून ते या वासात बसले होते आणि मनात मात्र जुना वास घेत होते. हा वास तिचा नव्हता! एकतीस वर्षं शहराचं पाणी तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली हवा एकदाही उजेडात धरून पाहिली नव्हती. त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

बाईंनी यंत्राचा पाइप तळघरातल्या मुख्य नळीला जोडला आणि एकेका जाळीतून ब्रश आत सरकवत नेला. बैठकीची नळी उताराची होती आणि तिच्या कोपऱ्यात ब्रश अडकला. तिथे सांध्यातून बाहेरचं धुकं आत शिरत होतं. बाईंनी हातमोजे चढवून तळघरातून तो कोपरा उघडला. आतून पुरचुंड्यांचा काळा लगदा निघाला. काही अजून गाठीसकट होत्या, काहींवर पांढरी बुरशी चढली होती. बाईंनी त्या जुन्या कागदावर काढून ठेवल्या. मोजायची गरज नव्हती. किती आहेत ते तपासनिसांना ठाऊक होतं. अठ्ठावन्न. ज्या नातीसाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता, तिच्या श्वासात त्यांनी स्वतःच्या हाताने हे कालवलं होतं.

"पण ती पण हेच करायची," ते पुटपुटले. "तीस वर्षं करायची. तेव्हा नाही कुणी खोकलं."

लेक वर बैठकीत, जाळी काढलेल्या नळीच्या तोंडाशी वाकली होती. जाळीखाली, आतल्या बाजूला, काहीतरी अडकवायचा एक लहानसा लोखंडी आकडा होता. तपासनिसांनी तो अनेकदा पाहिला होता. गवंड्याचं विसरलेलं काहीतरी असेल, असं समजले होते.

"बाबा, या आकड्याचा दोरा कुठाय?"

"कसला दोरा?"

लेक तिथेच जमिनीवर बसली. मग तिने सांगितलं. आईकडे पुरचुंडी एकच होती. तिला लांब दोरा असायचा आणि तो या आकड्याला बांधलेला असायचा. दर रविवारी बाबा फिरायला गेले, की आई दोरा ओढून पुरचुंडी वर काढायची, मागच्या सज्जात वाळत घालायची. जाळ्या साबणाने धुवायची. हात जाईल तिथपर्यंत नळी पुसायची, भट्टीतली हवेची गाळणी झटकायची, सांध्याला धुकं लागतंय का बघायची, लागत असेल तर चिंधी आणि डांबर. लेक लहानपणी दोरा धरून उभी राहायची. बाबा परत यायच्या आत सगळं जागच्या जागी.

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. घर तुमचंच ना, बाबा."

तीस वर्षं तपासनिसांनी सुगंध घेतला, चहा घेतला; त्यामागची रविवारची सकाळ त्यांनी कधी पाहिलीच नाही. बायको पुरचुंडी आत सोडते एवढं दिसलं होतं. ती बाहेर काढते, हे दिसलं नव्हतं. अर्धी गोष्ट पाहून तेवढीच त्यांनी पाच वर्षं मनोभावे केली.

ते उठून मागच्या सज्जात गेले. कोपऱ्यात चिमट्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. बायको गेल्यापासून त्यांनी कपडे घरातच वाळत घातले होते, डबा उघडला नव्हता. झाकण गंजलं होतं, ते जोर लावून काढलं. लाकडी चिमट्यांच्या खाली एक लहानशी, नीट शिवलेली मलमलीची पुरचुंडी होती, आणि तिला गुंडाळलेला लांब दोरा. त्या शेवटच्या रविवारी ती वाळवून डब्यात ठेवलेली असणार, आणि परत बांधायला हात उरला नसणार. त्यांनी ती नाकाशी नेली. लवंग अजून होती, अगदी पुसट.

बाईंनी काम संपवलं, सांधा बुजवला. जाताना त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. नळ्या साफ झाल्या म्हणून औषध थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसंच चालायचं. आणि नळीत यापुढे काही टाकायचं नाही, अत्तरसुद्धा नाही. "वासावर वास घातला की घाण जात नाही, काका, फक्त दिसेनाशी होते. ओल थांबवायची, मग वास आपोआप जातो. आठवण ठेवायची तर उघड्यावर ठेवा, खिडकीत."

रविवार उजाडला. लेकीचं सामान बांधलेलं नव्हतं. ती बाजारात गेली होती. तपासनीस फिरायला गेले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या, सगळ्या जाळ्या काढून साबणाने घासल्या, गाळणी झटकली, गुडघ्यांवर बसून नळीची तोंडं कोरड्या फडक्याने पुसली. कंबर धरली. दोनदा उठताना बायकोच्या कमरेची आठवण झाली, आणि तिने कधी तक्रार केली नव्हती हेही आठवलं. भिंगरीने दोरा धरला आणि पुरचुंडी सज्जातल्या दोरीवर चिमट्याने अडकवली. ती दोनदा खोकली. मागच्या रविवारी तिला मोजता येणार नाही इतका खोकला होता.

दार उघडलं. लेक गारठून आत आली, पिशवी हातात तशीच ठेवून उंबऱ्यात थबकली आणि तिने डोळे मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा वास येतोय."

तपासनिसांनी सज्जाकडे पाहिलं. पुरचुंडी बाहेर होती. घरात फक्त साबण होता, कोरडी ऊब होती आणि एका माणसाची सकाळभराची मेहनत.

मंडळी, आपल्या घरांत ज्या सुखाला आपण घराचा गुणच समजतो, त्यामागे कुणाचे तरी वाकलेले गुडघे असतात. ते माणूस असेपर्यंत खाली वाकून बघा, आणि गेल्यावर त्याची अर्धी नाही, पुरी गोष्ट करा. आणि हो, "इथे ओल असायचीच" असं म्हणण्याआधी एक पांढरा रुमाल जाळीवर बांधून बघा. तुमच्याकडे रुमाल नसेल तर काळजी नको. तपासनीस हल्ली खिशात चार इस्त्रीचे रुमाल घेऊन गल्लीत घरोघर फिरतात, आणि नमुना घेतल्याशिवाय चहा पीत नाहीत.