उजवीकडे दिसलेलं हृदय

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीत आईच्या पोटावर फिरवतात, तो. १९९८ साली रत्नागिरीत लीला डॉक्टरांकडे आलो. दहा घरांतली सात बाळाचं वजन विचारतात, दोन नाक कुणासारखं ते. हृदय कुठल्या बाजूला, हे विचारणारं दहावं घर मला अजून भेटायचं आहे.

ते डावीकडे, जरा तिरपं असावं लागतं. पण बाजू खरी दिसायला मला सरळ धरावं लागतं. त्यासाठी माझ्या एका कडेला खुणेचा उंचवटा आहे; ती कड पडद्यावर डावीकडे दिसते.

२००१ च्या मार्चमध्ये मी पडलो, तडा गेला. दवाखान्यातल्या भिकाजीमामांनी मायेनं चिकटपट्टी गुंडाळली, थेट उंचवट्यावरून. सकाळी एका बाळाचं हृदय उजवीकडे दिसलं. डॉक्टर चरकल्या. मग कळलं, पट्टीखाली खूण झाकली गेल्यानं मलाच उलटं धरलं होतं. सगळे हसले.

दुपारी मांडवीची बकुळा आली, सातवा महिना, सोबत सासू गंगाबाई. पुन्हा हृदय उजवीकडे.

"परत उलटा धरलात, बाई," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी पट्टी सोलली, माझ्या उंचवट्याच्या कडेला बोट टेकवून पडद्यावर कुठली बाजू हलते ते पाहिलं. मी सरळ होतो. इतकं सरळ असणं मला कधी नकोसं झालं नव्हतं. हृदयाशेजारी एक काळा फुगा होता. बाळाचं जठर, छातीत शिरलेलं. त्यानंच हृदय ढकललं होतं.

"बाळंतपण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातच करा," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मताच श्वासाला मदत लागेल, मग ऑपरेशन."

"आमच्यात पयलं बाळंतपण म्हायेरी," गंगाबाई म्हणाल्या. "मंडणगडास हिच्या आवशीनं खोली सारवून ठेवलीय. नि सकाळी तुमचं यंत्र उलटं होतं ना? आताच कसं सुलटं झालं?"

डॉक्टरांनी गंगाबाईंचंच बोट माझ्या उंचवट्याच्या कडेवर टेकवलं. पडद्याची डावी बाजू हलली. मग हृदय दाखवलं, उजवीकडे, धडधडणारं. गंगाबाईंनी स्वतःहून पुन्हा एकदा बोट टेकवून पाहिलं.

"ऊठ गो, बकुळा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवशीलाच मुंबैला बोलावू. म्हायेर तिथं येईल."

पुढचे दोन महिने माझं कशात लक्ष नव्हतं. माझ्यासमोरून गेलेल्या बाळांचं पुढे काय होतं, ते मला कुणी सांगत नाही. मे महिन्यात फोन आला. मुलगी. ऑपरेशन झालं, नळ्या अजून आहेत, पण श्वास तिचा तीच घेते.

मित्रांनो, आमच्या अंगावरच्या खुणा झाकू नका. आणि कुणी सकाळी चुकला, म्हणून दुपारीही तो चुकलाच, असं हसून ठरवू नका. एकदा बोट टेकवून बघा.