उलटा ठेवलेला पाव

"बाबा, आपल्या घरी जेवायला बसल्यावर कुणी 'बुऑन आपेतीतो' का म्हणत नाही?"

मीर्ताने रविवारी भर जेवणात हा प्रश्न विचारला आणि तिच्या बाबांचा काटा हवेतच थांबला. मैत्रिणींनी पैज लावली होती ना! दोघी गुरुवारी जेवायला आल्या होत्या. घरातलं कुणीतरी 'चवीनं जेवा' अशा अर्थाचे ते दोन शब्द म्हणेल, मग आपण 'तुम्हालाही' म्हणू आणि सुरुवात करू, म्हणून बिचाऱ्या काटे धरून वाट बघत बसल्या. कुणी म्हणालंच नाही. जाताना एकजण म्हणाली, "तुमच्याकडे कुणी गेलंय का गं? विचारून दाखव घरी. नाही विचारलंस तर तू भित्री!"

मित्रांनो, उत्तर मला माहीत आहे. मी एक जुनी पावाची टोपली आहे. इटलीतल्या पो नदीच्या काठच्या लवचीक फांद्या भिजवून मीर्ताच्या आजोबांनी, म्हणजे आर्देलियोंनी, मला विणलं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. चाळीस वर्षं मी मोठ्या टेबलाच्या मधोमध मिरवले. आजोबा मला पुढे सरकवायचे, खणखणीत आवाजात 'बुऑन आपेतीतो' म्हणायचे आणि मग सगळे हात एकदम माझ्यात शिरायचे. काय गुदगुल्या व्हायच्या! जेवण संपल्यावर आजोबा पावाच्या तुकड्याने ताटलीतला रस्सा पुसून खायचे. "सूनबाई, बघ, ताटली धुवायलाच नको!" सूनबाई हसायच्या.

मग एका रविवारी मीर्ताच्या बाबांचे, दोनातोंचे, साहेब सपत्नीक जेवायला आले. इस्त्रीचा टेबलक्लॉथ, उंच पेले, सगळा थाट! आजोबा नेहमीसारखे म्हणाले, "बुऑन आपेतीतो!" साहेबांच्या बायकोने नुसता रुमाल ओठांना लावला. बड्या घरांत तसं म्हणणं गावंढळ समजतात म्हणे. दोनातोंचे कान लाल झाले. थोड्या वेळाने आजोबांनी माझ्यातला पाव उचलून रस्सा पुसायला घेतला, तसे दोनातो सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, आपण काय शेतात झाडाखाली बसलोय का?"

आजोबांनी उष्टा पाव खाली ठेवला. उलटा! पाव उलटा ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं मीर्ताला दहादा बजावणाऱ्या आजोबांनी!

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात जेवू लागले. "गुडघा दुखतो रे, मला इथंच बरं," म्हणाले. मलाही तिकडेच ठेवलं, कारण टेबलावर आता पावासाठी चकचकीत ताटली आली होती. मित्रांनो, माझं काही नाही. माझी एक कड उसवली आहे, पण मला महिनोन्‌महिने कुणी विचारलं नाही तरी मी टिकेन. माणूस नाही हो टिकत. आजोबा आता अर्धाच पाव घेतात. 'बुऑन आपेतीतो' म्हणायला समोर कुणी नाही, म्हणून काहीही न म्हणता खाली बघून जेवतात. त्यांच्या सदऱ्याची कॉलर किती सैल झाली आहे, ते मी रोज बघते.

तर, मीर्ताने प्रश्न विचारला तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आजोबांचा चमचा थांबला.

"चांगल्या घरांत तसं म्हणत नाहीत," दोनातो म्हणाले.

"आपलं घर चांगलं कधीपासून झालं? साहेब येऊन गेल्यापासून?"

"मीर्ता! जेव गुपचूप," आई म्हणाली.

"पण आई, आजोबा बारीक झालेत. दिसत नाही का तुम्हाला?"

"त्यांना कुणी हाकललेलं नाही. त्यांचे तेच तिकडे गेले," दोनातो म्हणाले.

"आणि बोलवायला कोण गेलं?"

दोनातो रुमालाची घडी घालत राहिले. मग खुर्ची करकरली आणि मीर्ता स्वतःची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. ताटली कलली होती. रस्सा कडेला आला होता, पण आवाज अगदी स्वच्छ होता.

"आई, बाबा, ऐका. आजपासून मी आजोबांबरोबर जेवणार. तुम्ही दोघं इथे येऊन त्यांना बोलावलंत, तर आम्ही दोघं टेबलावर येऊ. मी एकटी येणार नाही."